गडी, ताटली आणि सांडलवंड : चार खेळांच्या मराठी नियमपत्रकांची वही

२ जून २०२४, रविवार

नवी वही सुरू केली. गेली सहा वर्षं मी बोर्डगेम खेळते आणि त्यांच्यावर लिहिते. नियमपुस्तिका इंग्रजी, डोक्यातले शब्द इंग्रजी, लेख तेवढा मराठीत. मग 'टाइल ड्राफ्ट करून पॅटर्न लाइनमध्ये प्लेस करा' अशी वाक्यं लेखात उतरतात आणि माझी मलाच वाचवत नाहीत.

काल रात्री आईला अझूल हा फरश्यांचा बोर्डगेम शिकवताना हे फार बोचलं. "उरलेल्यांचं काय करायचं?" असं तिने तीनदा विचारलं. तिन्ही वेळा मी पुस्तिकेतलं वाक्य वाचून त्याचं जमेल तसं मराठी केलं. चौथ्यांदा तिने विचारलंच नाही, डाव संपेपर्यंत गप्प खेळत राहिली. पाच-तीन-दोनमध्ये कोणता हुकूम कधी पडला हे जिला शेवटच्या हातापर्यंत पाठ असतं, ती काल हरली ती माझ्या सांगण्यामुळे.

ठरवलं ते असं. दिवाळीपर्यंत चार खेळ: अझूल, जयपूर, जस्ट वन आणि अग्रिकोला. प्रत्येकाचं एका कागदावरचं मराठी नियमपत्रक करायचं, मी शेजारी नसताना कुणीही वाचून खेळू शकेल असं. पत्रकावरून पाच डाव झाल्याशिवाय त्या खेळावर लेख लिहायचा नाही. आणि शब्दकोशातून शब्द आणायचे नाहीत. खेळता खेळता कुणाच्या तोंडून जो आपसूक येईल तो आधी घ्यायचा.

९ जून, रविवार

अझूल, पत्रक पहिलं.

मिखाएल कीसलिंगचा २०१७ चा खेळ. पाच रंगांच्या प्रत्येकी वीस, अशा शंभर फरश्या एका पिशवीत. टेबलावर गोल चकत्या मांडायच्या: दोघं असतील तर पाच, तिघं असतील तर सात, चौघं असतील तर नऊ. प्रत्येक चकतीवर चार फरश्या. आपल्या पाळीला एका चकतीवरच्या एका रंगाच्या सगळ्या फरश्या उचलायच्या आणि उरलेल्या मधोमध सरकवायच्या. एवढंच तर ते होतं, ज्यासाठी आईने तीनदा विचारलं.

या चकत्यांना पुस्तिकेत कारखाना म्हटलंय. मीही 'कारखाना' असंच लिहिलं होतं. आईने पत्रक वाचलं, खेळायला बसली आणि दुसऱ्याच पाळीला म्हणाली, "त्या ताटलीतल्या लाल माझ्या." झालं. कारखाना खोडून ताटली केली. ताटली म्हटलं की तिच्यातून घेतात आणि उरलेलं बाजूला काढतात हे निराळं सांगावं लागत नाही. कारखान्यातून चार फरश्या का येतात, उरलेल्या मधे का जातात, हे मात्र प्रत्येक नव्या माणसाला समजवावं लागायचं.

आपल्या पाटीवर एक ते पाच जागांच्या पाच रांगा असतात. उचललेल्या फरश्या एकाच रांगेत मावल्या पाहिजेत. न मावलेल्या खालच्या ओळीत पडतात आणि त्यांचे गुण वजा होतात. त्या ओळीचं नाव मी 'दंडरांग' ठेवलं होतं. वहिनीच्या तीन फरश्या तिथे पडल्या तेव्हा ती म्हणाली, "एवढी सांडलवंड झाली माझी!" दंडरांगही गेली. दंड कुणीतरी बाहेरचा करतो. इथे हव्यासाने जास्त उचललेलं आपल्याच हातून सांडतं, त्यामुळे वहिनीचा शब्द नियमाच्या जास्त जवळचा आहे.

२३ जून, रविवार

अझूलचे पाच डाव पुरे. दोघींचा खेळ आणि चौघांचा खेळ हे जवळपास दोन वेगळे खेळ आहेत, हे लेखात सुरुवातीलाच यायला हवं. चौघांत पुढच्याकडे काय येईल याचा अंदाज लागत नाही, आपण आपल्या पाटीवरची फरश्यांची भिंत सजवत बसतो. दोघींत शेवटच्या चार-पाच उचली अगदी पटावरच्या चालींसारख्या मोजता येतात. आज आईने त्या मोजल्या. मधोमध सहा निळ्या राहतील आणि पाळी माझी असेल अशी तिने व्यवस्था केली. माझ्याकडे निळ्यासाठी एका जागेची रांग तेवढी मोकळी होती. एक मावली, पाच सांडल्या. वजा एक, एक, दोन, दोन, दोन : एकूण आठ गुण गेले. ही फरशी घ्यायची की ती, यापेक्षा 'नको असलेलं कुणाच्या गळ्यात पडणार' हा प्रश्न मोठा होत जातो. पाचव्या डावाआधी मी लेख लिहिला असता तर यातलं काहीच त्यात आलं नसतं. सुंदर फरश्या, सोपे नियम, घरच्यांसोबत खेळा, असा झाला असता.

६ जुलै, शनिवार, पणजी

ऑफिसच्या कामाने दोन दिवस इथे. संध्याकाळी मेनेझिस ब्रागांझा संस्थेच्या इमारतीत गेले, खास भिंती बघायला. प्रवेशदालनात निळ्या रंगातल्या चित्रफरश्या आहेत, जॉर्ज कोलासो यांनी १९३५ मध्ये केलेल्या. विषय कामोइंशच्या महाकाव्याचा, म्हणजे वास्को द गामाच्या सफरीचा. कामोइंश स्वतः गोव्यात राहिलेला कवी.

या फरश्यांना पोर्तुगीज भाषेत अझुलेजू म्हणतात. शब्द 'अझुल' म्हणजे निळा यावरून आला असेल असं वाटतं, पण त्याचं मूळ अरबीत आहे, गुळगुळीत केलेल्या दगडाच्या नावात. खेळाच्या खोक्यावर गोष्ट आहे ती पोर्तुगालचा राजा मॅन्युएल पहिला याची: त्याने ग्रनाडाचा अलहम्रा राजवाडा पाहिला, तिथल्या फरश्यांनी तो भारावला आणि आपला वाडा तसाच सजवायचा हुकूम दिला. आपण खेळणारे म्हणजे त्याचे कारागीर. मॅन्युएलची कारकीर्द १४९५ ते १५२१. गामा १४९८ मध्ये कालिकतला उतरला तो याच राजाने पाठवलेला. १५१० मध्ये आल्बुकर्कने गोवा घेतला तोही याच्याच कारकिर्दीत.

खोक्यावर यातलं काही नाही. असायला हवं होतं असंही मी म्हणत नाही, तो फरश्यांचा खेळ आहे. पण मराठी वाचकासाठी लिहिताना हा राजा नुसता सौंदर्याचा भोक्ता म्हणून सोडून देणं मला जमणार नाही. ज्याचा वाडा आपण टेबलावर सजवतो, त्याच्या गलबतांनी आपला किनारा बदलला. लेखात यासाठी एक परिच्छेद.

१७ जुलै, बुधवार, आषाढी एकादशी

जयपूर, पत्रक पहिलं. सुट्टी, उपवास, बाहेर पाऊस. खिचडीच्या हातांनी पत्ते धरायचे नाहीत एवढा एक नियम आईने वाढवला.

सेबास्त्यां पोशोंचा हा दोघांचाच खेळ, २००९ चा. पंचावन्न पत्ते: हिरे, सोनं, चांदी प्रत्येकी सहा, कापड आणि मसाले आठ-आठ, चामडं दहा, आणि अकरा उंट. मधे पाच पत्त्यांची पेठ. पाळीला एक पत्ता घ्यायचा, किंवा अदलाबदल करायची, किंवा पेठेतले सगळेच्या सगळे उंट न्यायचे, नाहीतर माल विकायचा. हातात सातच्या वर पत्ते राहू द्यायचे नाहीत. जो आधी विकेल त्याला भाव जास्त, पण एकदम तीन, चार, पाच पत्ते विकले की वर बक्षीस. थांबायचं किती आणि उरकायचं केव्हा, सगळा जीव त्यात.

शब्दांची अडचण इथे आलीच नाही. पेठ, माल, भाव, अदलाबदल, उंट. तासाभरात पत्रक लिहून झालं. आईला एकदा वाचून दाखवलं, दुसऱ्यांदा काही विचारावं लागलं नाही तिला. लगेच तीन डाव. तिन्ही तिने जिंकले, उंटांच्या जोरावर. ती उंट साठवते आणि पेठेत चांगला माल आला की उंट देऊन एकदम चार पत्ते उचलते. उंट नेले की त्यांच्या जागी नवे पत्ते उघडतात आणि ते आधी समोरच्याला मिळतात. ती धोका बघून नेते, मी भीतीने नेत नाही.

४ ऑगस्ट, रविवार

माझ्या पत्रकात चूक निघाली. हिरे, सोनं आणि चांदी विकताना किमान दोन पत्ते लागतात. हे वाक्य मी लिहिलंच नव्हतं. आम्ही एकेक हिरा विकत होतो. माल विकला की भावाच्या सोंगट्या मिळतात, त्यांतल्या हिऱ्यांच्या पहिल्या दोन सात-सातच्या, त्यामुळे हातात हिरा आला की विकून मोकळं व्हायचं, हाच आमचा खेळ झाला होता. वहीत मी 'महाग मालाचं वजन फार, कापड-चामड्याला अर्थ उरत नाही' असा निष्कर्षही लिहून ठेवला होता. अकरा डावांच्या नोंदी. सगळ्या बाद.

दुरुस्त नियमाने आज चार डाव खेळलो. एक हिरा हातात धरून दुसऱ्याची वाट बघताना सातातली एक जागा अडते आणि तेवढ्यात समोरचा कापडाचे पाच पत्ते विकून बक्षिसाची आठ-नऊची सोंगटी घेऊन जातो. कापड-चामडं अर्थहीन नाही. तेच तर खेळाचं दुसरं चाक आहे.

यावरून नियमपत्रकासाठी नवी सवय: लिहून झाल्यावर मूळ पुस्तिकेतल्या एकेका वाक्यावर बोट ठेवून ते पत्रकात कुठे आहे हे शोधायचं. शब्द सहज सुचले की आपण भरभर लिहितो. जयपूरमध्ये नेमकं तेच झालं.

२५ ऑगस्ट, रविवार

माझ्या चार खेळांतल्या दोघांना जर्मनीचं 'श्पील देस यारेस', म्हणजे 'वर्षाचा खेळ' हे पारितोषिक मिळालंय, अझूलला २०१८ मध्ये आणि जस्ट वनला २०१९ मध्ये. अग्रिकोलाला २००८ मध्ये त्याच मंडळाचा विशेष पुरस्कार. हा पुरस्कार १९७८ मध्ये खेळांवर लिहिणाऱ्या समीक्षकांनी सुरू केला आणि पहिल्यांदा १९७९ मध्ये दिला. खेळ बनवणारे, विकणारे त्यात नव्हते. निवड करताना ते खेळाची कल्पना, मांडणी बघतात तशी नियमांची लिहिण्याची पद्धतही बघतात. आपल्या भाषेत नियम नीट लिहिलेत का, हा पुरस्काराचा निकष असू शकतो, हे वाचलं तेव्हा माझ्या या वहीला फार बळ आलं.

दुसरी गोष्ट १९८८ ची. न्यूरेंबर्गच्या खेळणी-जत्रेत काही खेळकर्त्यांनी बिअरच्या ग्लासाखाली ठेवायच्या पुठ्ठ्यावर सह्या केल्या: खोक्यावर आमचं नाव छापणार नसाल तर खेळ देणार नाही. आज खोक्यावर कर्त्याचं नाव दिसतं त्यामागे हा पुठ्ठा आहे. म्हणून प्रत्येक पत्रकाच्या डोक्यावर मी खेळकर्त्याचं नाव लिहिते. मोक्षपट ज्ञानेश्वरांचा असं सांगतात. सारीपाट कुणी रचला, सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफा या पत्त्यांच्या खेळातल्या पाच रंगांत दहाचा पत्ता वरचढ आणि उरलेल्या पाचांत एक्का वरचढ ही उलटापालट कुणाला सुचली, ते नाव मात्र कुठे नाही.

१४ सप्टेंबर, शनिवार

गणपतीत घर भरलेलं, लिहायला वेळ नाही, पण जस्ट वनला यापेक्षा चांगले दिवस मिळाले नसते. लुडोविक रुडी आणि ब्रुनो सोटेर यांचा खेळ. तीन ते सात जण, सगळे एका बाजूने. एकाने शब्द ओळखायचा, बाकीच्यांनी त्यासाठी प्रत्येकी एकच शब्द सुचवायचा, एकमेकांना न दाखवता. ज्यांचा शब्द सारखा निघाला त्यांचे दोन्ही शब्द पुसायचे. उरतील तेवढेच ओळखणाऱ्याला दिसतात. असे तेरा पत्ते.

खोक्यातले ११० इंग्रजी पत्ते आम्हाला निरुपयोगी. मी चाळीस पत्ते हाताने केले, प्रत्येकावर पाच शब्द, म्हणजे दोनशे मराठी शब्द. त्यातला एक मोठा भाग तीन दिवसांत बाद झाला आणि का बाद झाला हे लिहून ठेवण्यासारखं आहे.

'पाटा' हा शब्द ठेवला होता. सहा जणांनी सुचवायचं होतं, पाच जणांनी 'वरवंटा' लिहिलं. सगळे पुसले. मावशीचा 'दगड' तेवढा उरला आणि त्यावरून भावाला काही ओळखता आलं नाही. 'ऊन'ला सगळ्यांनी 'सावली', 'सुई'ला 'दोरा'. मराठीत जोडीने फिरणारे शब्द इतके आहेत की पहिल्यांदा जोडीदारच आठवतो. असे सगळे काढले. याउलट 'एसटी' हा शब्द काय रंगला! फाटा, कंडक्टर, घाट, महामंडळ, थांबा आणि लाल, सहा जणांचे सहा. पुतणीने एका फटक्यात ओळखलं. 'वारी', 'लोणचं', 'ओसरी', 'चाळ' हेही असेच. ज्या शब्दाभोवती प्रत्येकाचं आपापलं आयुष्य वेगळं आहे तो इथे चालतो.

'सारखा शब्द' म्हणजे काय, यावर बरीच चर्चा झाली. मूळ नियमात एकवचन-अनेकवचन, स्त्रीलिंग-पुल्लिंग सारखंच धरतात. आपल्याकडे विभक्तीही आली. 'देव' आणि 'देवाचा' सारखे? पत्रकात लिहिलं: शब्द मूळ रूपात लिहावा, प्रत्यय लावू नये, प्रत्यय काढल्यावर सारखे उरले तर पुसावेत. ऱ्हस्वदीर्घाची चूक असली तरी शब्द तोच. मामांनी 'सखा' आणि 'मित्र' सारखे का नाहीत असं विचारलं. अर्थ सारखा चालतो, शब्द सारखा चालत नाही. हेही वाक्य पत्रकात घातलं.

१६ ऑक्टोबर, बुधवार, कोजागरी

गच्चीवर दूध आटवलं. शेजारच्या आजींनी त्यांचा कापडी सारीपाट आणला. कोजागरीला जागून फाशांचा खेळ खेळायची जुनी रीत, त्यांनी ती लहानपणी माहेरी पाहिलेली. चार पट्टे, प्रत्येकात तीन रांगा, रांगेत आठ घरं. चार रंगांच्या सोळा सोंगट्या. एक आणि दोन सहा पडले की पौ बारा. हा वाक्प्रचार मी शेकडो वेळा वापरला असेन, आज पहिल्यांदा तो लाकडी फाशांवर उताणा पडलेला पाहिला.

आजी बोलत होत्या तसतसं मी फोनवर टिपत गेले: दान पडणं, सोंगटी मारणं, घर धरणं, जुग बांधणं, पट उलटणं. दीडला झोपलो.

३ नोव्हेंबर, रविवार, भाऊबीज

अग्रिकोला. उवे रोझेनबर्ग, २००७. या दिवसासाठीच राखून ठेवला होता, कारण मामा सिन्नरहून आईकडे येतात आणि मामा शेती करतात.

खेळ १६७० सालच्या मध्य युरोपातल्या शेतकरी कुटुंबाचा. सुरुवातीला नवरा-बायको दोघं, दोन खोल्यांचं लाकडी घर, पंधरा चौकोनांची जमीन. चौदा फेऱ्या. दर फेरीत घरातल्या प्रत्येक माणसाने एक काम करायचं: नांगरणं, पेरणं, लाकूड आणणं, कुंपण घालणं. एका कामावर एकच माणूस बसतो. दुसऱ्याने ते आधी घेतलं की तुमचं राहिलं. चौदांपैकी सहा फेऱ्यांनंतर पीक निघतं आणि त्या वेळी माणशी दोन घास भरावे लागतात.

या प्रकाराला जगभर 'वर्कर प्लेसमेंट' म्हणतात. जूनपासून मी त्याला शब्द शोधत होते. 'कामगार-नियुक्ती' लिहून खोडलं होतं. मामांनी पहिल्या फेरीत पटाकडे बघितलं आणि म्हणाले, "म्हणजे आधी गडी कुठं लावायचा ते ठरवायचं." गडी! शेतावर राबणारा गडी आणि हुतूतूत बाद होणारा गडी, दोन्ही एकाच शब्दात. कामाचा माणूस आणि खेळातला माणूस वेगळा करायची आपल्या भाषेला गरज पडली नाही. इथे तर सोंगटी एकाच वेळी दोन्ही आहे. पीक काढायच्या टप्प्याला मामाच बोलून गेले 'सुगी', तोही घेतला.

घास कमी पडले तर दर घासामागे भिकेचं एक पान घ्यावं लागतं, तीन गुण वजा. वहिनीला 'भीक' शब्द लागला. "उसनं म्हणूया," मामा म्हणाले. मलाही ते आवडलं. पण उसनं फिटतं. हे पान खेळ संपेपर्यंत परत करता येत नाही. ते सांगितल्यावर मामा थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "मग भीकच लिही. नाहीतर पोरं फेडायला बघतील." पत्रकात भीक राहिली.

सहाव्या फेरीत त्यांनी विचारलं, "पाऊस कुठंय यात?" नाही. एक दाणा पेरला की त्यावर दोन येतात, दर सुगीला एक घरी येतो, तीन सुग्यांत शेत रिकामं. कधीच चुकत नाही. अनिश्चितता आहे ती पुढचं काम कोणत्या फेरीत खुलं होईल याची, आणि बाकीचे गडी कुठे बसतील याची. मामा म्हणाले, "आमच्याकडं उलटं. कामं कधी करायची ते ठरलेलं, पीक यायचं का ते नाही." पुढे ते मनापासून खेळले, तीन मेंढ्या, दोन गाई, पाच जणांचं घर, आणि दुसरे आले.

या खेळावर मी पूर्वी एकदा लिहिलंय, 'शेतीचा थरार अनुभवा' असं. तो लेख मागे घेते. अग्रिकोलात थरार आहे तो घरात खाणारी तोंडं आणि हातातली कामं यांचा मेळ घालण्याचा, आणि तो खरा आहे. शेतीचा धोका त्यात नाही. नवा लेख इथून सुरू होईल.

१० नोव्हेंबर, रविवार

अग्रिकोला, पत्रक तिसरं. पुस्तिकेवर बोट ठेवून तपासलं, दोन वाक्यं सुटली होती. सुगीचा क्रम चुकायला नको: आधी शेतातलं घरी, मग घास, मग जनावरांची वीण. वीण आधी केली तर नवं कोकरू कापून खाता येईल आणि खेळच बदलेल. हे ठळक केलं. त्याच फेरीत जन्मलेल्या बाळाला एकच घास, हेही घातलं.

डाव दोन झाले आहेत. लेखाला अजून तीन हवेत. मामांना पत्रकाचा फोटो पाठवला. 'कुंपण' खोडून त्यांनी 'वई' सुचवलंय. नाशिकबाहेर किती जणांना कळेल ते पुढच्या रविवारी वहिनीच्या माहेरच्यांना विचारायचं, ते साताऱ्याचे आहेत.